डिस्लेक्सिया (मुंबईतील मराठी भाषकांच्या संदर्भात)

ऐकलेले समजते, तोंडी उत्तर नेमके येते, पण तोच मजकूर वाचताना किंवा लिहिताना कमालीचे कष्ट पडतात, अशी जन्मजात अध्ययन अक्षमता. तिचा बुद्धीशी किंवा आळसाशी संबंध नाही, ती डोळ्यांचा दोषही नाही. औषधाने ती जात नाही. योग्य शिकवणीने वाचन सुधारते, वेग मात्र बहुधा कमीच राहतो. ती घराण्यात चालते, त्यामुळे मुलाच्या तपासणीतून आई किंवा वडिलांच्या शाळकरी हालांचा उलगडा होणे नवे नाही.

देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते इंग्रजीपेक्षा सरळ असले, तरी तिच्या अडचणी तिच्याच आहेत. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची आणि नंतर उच्चारायची. रफार आधी उच्चारायचा आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर द्यायचा. ‘कर्म’ आणि ‘क्रम’ यांत गोंधळ होतो, घ-ध आणि भ-म यांची अदलाबदल होते, जोडाक्षरे अर्धीच उरतात. पण मराठीत असे मूल चुकण्यापेक्षा जास्त करून अडखळत, फार सावकाश वाचते, म्हणून ते नजरेतून सुटते. इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलाबाबत ‘घरी मराठी बोलतात, म्हणून इंग्रजी कच्चे’ या समजुतीत वर्षे निघून जातात. तपासणी दोन्ही भाषांत व्हायला हवी. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात मराठीचा समावेश आहे, ही म्हणूनच मोलाची गोष्ट.

महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन मुंबईत 1996 साली स्थापन झाली. राज्य सरकारने परीक्षेतील सवलतींना औपचारिक मान्यता दिली तीही त्याच वर्षी. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला (डिस्लेक्सिया हिच्यातच मोडतो) दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले. या अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी पालक शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय किंवा नायर यांसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत जातात. तिथे दृष्टी, श्रवण, बुद्धिमापन आणि वाचन-लेखन-गणित असे टप्पे असल्याने एका फेरीत काम होत नाही. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळत असे, 14 व्या आणि 18 व्या वर्षी फेरतपासणी होत असे.

वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना गुण न कापणे या सवलती आता परिचित झाल्या आहेत. ‘एलडीचे सर्टिफिकेट काढून टक्के वाढवले’ (एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, अध्ययन अक्षमता) हा टोमणाही तितकाच परिचित आहे. तो मारणाऱ्यांनी लेखनिकाला उत्तर सांगून पाहावे. उत्तराची बांधणी मनात धरून दुसऱ्याच्या हाताच्या वेगाने बोलायचे, हे सरावावाचून जमत नाही, म्हणून लेखनिकाबरोबरचा सराव शाळेने सहामाहीपासूनच सुरू करावा. शिवाय सवलत म्हणजे शिकवणी नव्हे. विशेष शिक्षकाची रेमेडियल, म्हणजे वाचन-लेखनातली उणीव भरून काढणारी, शिकवणी ध्वनीपासून अक्षराकडे, बोलत, ऐकत, बोटाने गिरवत, बेताने पुढे सरकते. मुंबईत ती मराठीतून मिळणे इंग्रजीपेक्षा अवघड आहे, आणि महापालिका शाळेतल्या मुलाच्या वाट्याला ती आणखी कमी येते.

घरच्यांनी करण्याजोगे पुष्कळ आहे. धडा मोठ्याने वाचून दाखवावा, भावंडाशी तुलना टाळावी, पाहुण्यांपुढे ‘वाच बघू’ म्हणू नये. तबला, चित्रकला, क्रिकेट यांचा वेळ शिकवणीसाठी कापू नये. मुलाला आपण हुशार आहोत हे बहुधा तिथेच कळते. आजी-आजोबांना कारण समजावून सांगितले, तर ‘ढ’ हा शब्द घरातून लवकर जातो.

प्रौढांची बाजू दुर्लक्षित आहे. सराव झालेले लोक स्वतःचे मार्ग काढतात: लोकलमध्ये इंडिकेटर वाचण्यापेक्षा घोषणा ऐकतात, फोनला मराठीत बोलून मजकूर टाइप करून घेतात, बँकेचा फॉर्म घरी आणून निवांत भरतात. सहकाऱ्यांनी मीटिंगमध्ये ऐनवेळी कागद वाचायला देऊ नये, तो आदल्या दिवशी पाठवावा आणि महत्त्वाच्या सूचना तोंडीही सांगाव्यात. सरकारी नोकरीतील 4 टक्के दिव्यांग आरक्षणात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. पण शाळेत तपासणीच न झालेल्या पिढीकडे प्रमाणपत्र नसते, आणि खासगी कंपनीत मुलाखतीला बसलेला उमेदवार ही गोष्ट सहसा बोलून दाखवत नाही.