गव्हाचे वाण आणि गव्हाचे यंत्र: अल्पभूधारकापुढील दोन वेगळे प्रश्न

मराठवाड्यातील लहान शेतकरी नवे तंत्रज्ञान उशिरा स्वीकारतो, असे सरसकट बोलले जाते. या बोलण्यात सुधारित वाण आणि यंत्र या दोन गोष्टींची गल्लत होते, आणि त्यात अल्पभूधारकावर अन्याय होतो.

वाण हवे तेवढे घेता येते. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी सुमारे 100 किलो, म्हणजे एकरी 40 किलो बियाणे लागते. अर्धा एकर पेरणारा 20 किलो घेतो आणि वाणाचा गुण त्याच्या रानातही तितकाच उतरतो, जितका 20 एकरवाल्याच्या रानात. शिवाय गव्हात स्वपरागीभवन (फुलाला त्याच्याच परागकणांनी फळधारणा) होत असल्यामुळे निवडलेले घरचे बियाणे दोन-तीन हंगाम पेरता येते. संकरित कपाशीसारखे ते दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा नेत्रावती हा वाण तर एक-दोन पाण्यांवर येणाऱ्या गव्हासाठीच शिफारस केलेला आहे, आणि ज्याच्या वाट्याला सामाईक विहिरीची पाळी ठरावीक दिवशीच येते, त्याला अशाच वाणाची गरज सर्वांत अधिक असते.

यंत्राचे तसे नाही. अर्धे हार्वेस्टर कोणी विकत घेत नाही. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारणा, म्हणजे एका शेतकऱ्याच्या कसण्यातली जमीन, 1.34 हेक्टर आहे. एवढ्या रानावर, तेही बांधांनी तुकडे झालेले असताना, स्वतःच्या यंत्राचा खर्च भरून निघत नाही. यंत्र भाड्याने मिळते हे खरे. पण चालकालाही सलग, मोठे रान आधी उरकणे परवडते, आणि लहान वावराची पाळी येईपर्यंत अवकाळी पाऊस गाठतो. भुशाचाही प्रश्न आहेच. हार्वेस्टर काड रानात पसरून टाकते, तर मळणी यंत्रातून भुसा एका ठिकाणी पडतो. ज्याच्या दावणीला दोन जनावरे आहेत तो मजुरांकडून कापणी करून मळणी यंत्र बोलावतो, याला मी मागासलेपणा मानत नाही; तो चाऱ्याचा नीट मांडलेला हिशेब आहे.

म्हणून गावात तंत्रज्ञान किती पोहोचले हे पाहताना वाणाच्या बाबतीत ‘कोणता पेरला’ आणि यंत्राच्या बाबतीत ‘वेळेवर मिळाले का’ असे विचारावे. ‘तुमच्या मालकीचे आहे का’ या प्रश्नातून केवळ मोठ्या शेतकऱ्यांची यादी हाती लागते.