‘मित्राकडे होतो’

रात्रीचे साडेदहा. सोळा वर्षांचं पोर चपला हातात घेऊन, पावलं न वाजवता आत येतं. ‘कुठे होतास?’ ‘मित्राकडे.’ संभाषण संपलं.

मुलं कुठे जातात, कोणाबरोबर असतात हे ज्या आईवडिलांना ठाऊक असतं, त्यांची मुलं दारू-गांजाच्या वाटेला कमी जातात, हे संशोधकांना फार पूर्वीच दिसलं होतं. त्यावरून सरसकट सल्ला निघाला : मुलांवर नजर ठेवा. २००० साली हॉकन स्टॅटिन आणि मार्गारेट कर या मानसशास्त्रज्ञांनी स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करताना भलताच साधा प्रश्न विचारला. आईवडिलांना हे कळतं तरी कुठून? उलटतपासणीतून फारसं नाही. मुख्यतः मुलं आपणहून सांगतात म्हणून. (ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही तो जास्त बोलणार, हेही आहेच.) मला यातली गोम अशी वाटते, की खिसे तपासणाऱ्या घरात मुलांचं हे सांगणंच आधी आटतं.

पण घर कितीही मोकळं असलं तरी मित्र असतातच. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये मुलांना आणि प्रौढांनाही पडद्यावरची गाडी चालवायला दिली. पिवळा दिवा लागल्यावर थांबायचं की दामटायची? शेजारी दोस्त बसले, की किशोरवयीन मुलं एकट्यानं खेळताना घेत त्यापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत. प्रौढांच्या खेळात मात्र फारसा फरक पडला नाही.

आइसलँडने हे सोबतीचं जगच बदलायला घेतलं. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं आदल्या महिन्यात निदान एकदा दारू पिऊन झिंगली होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. खेळ-संगीताच्या वर्गांना सरकारी पैसा मिळाला, मुलांनी रात्री बाहेर राहण्याच्या वेळेचे नियम कडक झाले. त्या काळात युरोपात इतरत्रही मुलांचं पिणं घटलं, त्यामुळे सगळं श्रेय या योजनेला देता येणार नाही. पण तिच्यातली एक गोष्ट बिनखर्चाची होती. पालकांनी एकत्र बसून लेखी ठरवलं : अल्पवयीन मुलांना दारू आणून द्यायची नाही, मोठ्यांशिवाय पार्टी होऊ द्यायची नाही.

एकट्या घरानं ‘नाही’ म्हटलं, की पोर म्हणतं, ‘बाकी सगळ्यांच्या घरी चालतं.’ बाकीची घरं आधीच बोललेली असली, की हे वाक्य तोंडातच राहतं.