नादकाट्याची श्रवणचाचणी

बहिरेपणाचे मूळ कानाच्या कोणत्या भागात आहे, हे ओळखण्यासाठी नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) वापरून केलेली प्राथमिक तपासणी. ध्वनी बाह्यकर्ण व मध्यकर्णातून अंतर्कर्णात पोहोचतो, तसाच तो कवटीच्या हाडांतून थेटही तेथे जातो. या दोन मार्गांची तुलना हा चाचणीचा पाया होय. मळ साचून, पडद्याला छिद्र पडून किंवा रिकीब हाड (मध्यकर्णातील एक छोटे हाड) ताठरून पहिला मार्ग अडल्यास त्यास वहनजन्य, तर अंतर्कर्ण किंवा श्रवणतंत्रिका बिघडल्यास चेताजन्य बहिरेपणा म्हणतात.

नादकाटा १७११ मध्ये इंग्रज तुतारीवादक जॉन शोर यांनी वाद्ये जुळवण्यासाठी तयार केला. तपासणीसाठी साधारणपणे ५१२ हर्ट्झचा (सेकंदाला ५१२ वेळा कंप पावणारा) काटा घेतात, कारण कमी कंप्रतेच्या काट्याची थरथर त्वचेलाच जाणवते आणि रुग्ण तिलाच आवाज समजतो. काटा टेबलावर न आपटता कोपरावर किंवा गुडघ्यावर हलकेच मारतात.

हाइनरिख अडोल्फ रिने यांनी १८५५ मध्ये मांडलेल्या चाचणीत काट्याची दांडी कानामागील हाडावर टेकवतात व नंतर काटा कानासमोर धरतात. निरोगी कानाला हवेतील आवाज अधिक मोठा वाटतो, आणि चेताजन्य दोषातही हा क्रम बदलत नाही. वहनजन्य दोष पुरेसा असल्यास मात्र तो उलटतो. एर्न्स्ट हाइनरिख वेबर यांच्या नावाच्या चाचणीत काटा कपाळाच्या मध्यावर ठेवून आवाज कोणत्या बाजूला ऐकू येतो, असे विचारतात. वहनजन्य दोषात तो, अपेक्षेच्या अगदी उलट, अधू कानाकडे सरकतो, तर चेताजन्य दोषात चांगल्या कानाकडे.

या दोन्ही चाचण्या एकत्रच वाचाव्या लागतात. एक कान चेताजन्य दोषाने पूर्ण निकामी असेल, तर त्यामागे टेकवलेल्या काट्याचा आवाज कवटीतून पलीकडच्या चांगल्या कानाला ऐकू जातो, रुग्ण ‘हाडावरचा आवाज मोठा’ असे प्रामाणिकपणे सांगतो आणि केवळ रिनेवर विसंबणारा तपासनीस त्यास वहनजन्य दोष ठरवतो. वेबर चाचणीत आवाज चांगल्या कानाकडे गेल्यास ही फसगत उघड होते.

बहिरेपणा किती डेसिबेलचा आहे, हे काटा सांगत नाही. त्यासाठी श्रवणालेख (यंत्राने मोजलेल्या ऐकण्याच्या क्षमतेचा आलेख) काढावा लागतो. तथापि एका कानाचे ऐकणे अचानक गेल्यास, आणि श्रवणमापक यंत्र जवळ नसल्यास, साधा मळ आणि तातडीने उपचार हवा असलेला अंतर्कर्णाचा विकार यांत फरक करण्यास काटा उपयोगी पडतो.