‘एरर ९९’ : क्लिक नेमकी कुठे अडते?

जुन्या डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याचा) विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘एरर ९९ येतोय, म्हणजे बॉडी गेली.’ दुसरं, ‘शटर काउंट (म्हणजे आजवरच्या क्लिकची संख्या) किती झालाय?’ पहिल्या वाक्यापायी धडधाकट कॅमेरे माळ्यावर जाऊन पडतात आणि दुसऱ्यावर सेकंडहँड बाजारातले भाव ठरतात. खरं तर या दोन्ही आकड्यांतून कॅमेऱ्याला काय झालंय ते कळतच नाही. ते कळतं थोड्या चाचण्यांतून, आणि त्यांतल्या बहुतेकींना स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा लागत नाही.

उदाहरणादाखल कॅनन ३५०डी घेऊ. २००५ सालचा, ८ मेगापिक्सेलचा आणि भारतात भरपूर वापरला गेलेला. तो सेकंदाला ३ फोटो काढतो, म्हणजे एका क्लिकची सगळी यांत्रिक कामं तो सेकंदाच्या एक तृतीयांशात उरकतो. बटण दाबलं की बॅटरीतून मोटरला करंट जातो. आरसा वर उचलला जातो आणि त्याच वेळी लेन्समधलं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र, ठरवलेल्या आकड्यापर्यंत मिटतं. शटरचा पहिला पडदा धावतो, सेन्सर उघडा पडतो, मागोमाग दुसरा पडदा धावून तो झाकतो. आरसा खाली येतो, ॲपर्चर पुन्हा पूर्ण उघडतं, मोटर शटरच्या स्प्रिंगा ताणून ठेवते आणि फोटो कार्डावर लिहिला जातो. प्रत्येक टप्प्यावर प्रोसेसर ‘झालं’ या निरोपाची वाट पाहतो. निरोप वेळेत आला नाही, तर सिग्नल न मिळालेल्या लोकलसारखा सगळा कारभार जागीच थांबतो.

मग पडद्यावर आकडा येतो. या मॉडेलच्या यादीत ०१ म्हणजे लेन्सशी बोलणं होत नाही, ०२ म्हणजे कार्डाची तक्रार, ०४ म्हणजे कार्ड भरलं, ०५ म्हणजे फ्लॅश उघडताना अडला. आणि ९९ म्हणजे ‘वरीलपैकी नाही’. डॉक्टरांनी केसपेपरवर ‘बरं वाटत नाही’ एवढंच लिहावं, त्यातला हा प्रकार. तेव्हा आकडा बाजूला ठेवायचा आणि रांगेतल्या एकेका टप्प्यावरचा संशय दूर करत जायचं.

सुरुवात बॅटरीपासून. ‘बॅटरी फुल दाखवतेय’ हा पुरावा नव्हे. ३५०डीची एनबी-२एलएच ही ७.४ व्होल्टची, आत दोन लिथियम-आयन सेल. बॅटरी म्हातारी होते तशी तिची क्षमता घटते, पण त्याहून त्रासदायक म्हणजे तिचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा स्वस्थ असताना करंट नगण्य असतो, त्यामुळे व्होल्टेज छान दिसतं. मोटर सुरू होते त्या क्षणी करंट एकदम चढतो आणि करंट गुणिले रोध एवढं व्होल्टेज बॅटरीच्या आतच खर्च होतं. समजा, रोध १ ओहम झालाय आणि मोटरनं २ ॲम्पियर ओढले, तर ८ व्होल्टचे ६ उरतात आणि प्रोसेसर गुडघे टेकतो. लक्षण ठरलेलं : क्लिकचा आवाज अर्धवट येतो, आरसा वरच राहतो, व्ह्यूफाइंडर काळा. बंद-चालू केलं की पुन्हा सगळं ठीक. थंडीत हा रोध आणखी वाढतो, म्हणून घरी चालणारा कॅमेरा पहाटे महाबळेश्वरला अडतो. खात्रीची दुसरी बॅटरी घालून वीस-पंचवीस फोटो काढले की या मुद्द्याचा निकाल लागतो.

तारीख दर वेळी मागे जात असेल, तर मुख्य बॅटरीला बोल लावू नका. ३५०डीत घड्याळासाठी सीआर२०१६ हा वेगळा बटणसेल असतो. तो बदलायचा, विषय संपला.

आता लेन्स काढा, माउंटमध्ये (लेन्स बसते त्या तोंडात) धूळ जाणार नाही असा कॅमेरा खाली झुकवून धरा आणि बटण दाबा. कॅननचे डीएसएलआर लेन्सशिवायही फोटो काढतात. ॲपर्चरच्या जागी ‘००’ दिसतं, फोटो पांढराफटक येतो, पण येतो. एरर नाहीसा झाला तर बॉडी निर्दोष सुटली आणि संशय लेन्सवर आला. ‘बॉडी गेली’ म्हणून टाकलेल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा खटला इथेच संपला असता.

लेन्सच्या बाजूला जे घडतं तो या यंत्रातला सर्वांत सुंदर भाग आहे. समजा, तुम्ही एफ/८ लावलं (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान). लेन्समधलं छिद्र लगेच लहान होत नाही. व्ह्यूफाइंडरमधून बघताना, फोकस करताना, चालताना-फिरताना ते कायम पूर्ण उघडं असतं. ते मिटतं फक्त फोटोच्या क्षणी. याची कारणं दोन. पहिलं सोपं आहे : एफ/३.५ वरून एफ/२२ वर गेलं की प्रकाश २२ भागिले ३.५ च्या वर्गाइतका, म्हणजे जवळजवळ ४० पट कमी होतो. अशा अंधारात कुणी चौकट जुळवायची?

दुसरं कारण ऑटोफोकसचं. मुख्य आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्याच्या मागे एक छोटा आरसा असतो, तो काही प्रकाश कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकस सेन्सरकडे वळवतो. हा सेन्सर लेन्सच्या दोन विरुद्ध कडांजवळून आलेल्या किरणांची तुलना करतो. आपले दोन डोळे अंतर जोखतात तसंच. दोन्ही प्रतिमा ठरलेल्या अंतरावर पडल्या तर फोकस बरोबर. जवळ सरकल्या तर एकीकडे चुकलाय, लांब गेल्या तर दुसरीकडे. पण त्यासाठी ते किरण कडांजवळून आत यायला हवेत. साध्या मॉडेलांत हे दोन ‘डोळे’ एफ/५.६ च्या वर्तुळात बसवलेले असतात. छिद्र त्याहून लहान केलं तर दोन्ही डोळ्यांवर पट्टी. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची) ५५ मिमीला एफ/५.६ वरच का थांबते, त्याचंही उत्तर यातच आहे. म्हणून फोकस होईपर्यंत छिद्र उघडं ठेवणं कॅमेऱ्याला भागच असतं.

याचा दुरुस्तीच्या दृष्टीनं अर्थ असा, की ॲपर्चर बिघडलेली लेन्स फोटोच्या क्षणापर्यंत अगदी ठणठणीत वागते. फोकस होतो, ‘पीप’ वाजतं, मीटर आकडे दाखवतं. क्लिक करताच एरर. आणि दोष बॉडीवर येतो.

कॅननच्या ईएफ माउंटमध्ये (१९८७ पासून) बॉडी आणि लेन्स यांच्यात एकही यांत्रिक दांडा नाही. सगळा व्यवहार सोनेरी संपर्कबिंदूंमधून विजेनं चालतो. ॲपर्चरची पाती फिरवणारी स्टेपर मोटर लेन्सच्या आत, पात्यांपाशीच असते. झूम करताना हा सगळा गट पुढे-मागे सरकतो, आणि त्याला वीज पोचवते ती तांब्याची पातळ रेघ असलेली प्लास्टिकची लवचीक पट्टी. दुरुस्तीवाले तिला ‘फ्लेक्स’ म्हणतात (चौकातला नव्हे). प्रत्येक झूमला ती त्याच जागी वाकते. तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडतो तसंच इथे होतं, फक्त वर्षानुवर्षं आणि सावकाश. तांब्याला केसाएवढी चीर पडते. गंमत अशी, की पट्टी एका बाकात असताना चिरेची दोन्ही टोकं एकमेकांना टेकतात आणि दुसऱ्या बाकात दूर जातात. म्हणून कॅमेरा ‘कधी कधी’ चालतो आणि मालकाला भुताटकी वाटते.

भुताटकी उघडी पाडणारी चाचणी दहा मिनिटांची आहे. मोड एव्ही (ॲपर्चर आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो). १८ मिमीला एफ/३.५ लावून पाच फोटो काढा. या आकड्यावर पात्यांना हलावंच लागत नाही. ते बिनतक्रार आले तर एफ/८ लावा आणि १८, २४, ३५, ५५ मिमीला प्रत्येकी पाच फोटो काढा. पूर्ण उघड्या ॲपर्चरला ठीक आणि मिटवल्यावर एरर, म्हणजे ॲपर्चरचा दोष. त्यातही तो ठरावीक झूमलाच येत असेल तर फ्लेक्सच. पडताळा हवा असेल तर लेन्स सोडवण्याच्या बटणाजवळचं डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबा आणि समोरून लेन्समध्ये बघा. पाती मिटताना दिसली पाहिजेत.

एरर सगळ्या आकड्यांवर आणि लेन्स किंचित हलवल्यावर येत-जात असेल, तर आधी संपर्कबिंदू पुसा. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा जेमतेम ओलावा, बस. खोडरबरनं घासायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. सोन्याचा थर अतिशय पातळ असतो आणि रबराचा भुगा आत जातो तो वेगळाच. गंज काढायचे तेलकट स्प्रे तर लेन्सच्या आसपासही नकोत.

निकॉनकरांना इथे वेगळा अनुभव येतो. १९५९ पासूनच्या त्यांच्या एफ माउंटमध्ये ॲपर्चर बहुतेक लेन्समध्ये एका छोट्या दांडीनं चालतं : बॉडी दांडी हलवते, पाती स्प्रिंगनं मिटतात. पात्यांवर तेल पसरलं असेल किंवा दांडी वाकली असेल तर पाती उशिरा किंवा अर्धवट मिटतात, पण कॅमेऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. एरर येत नाही. फक्त एफ/११, एफ/१६ चे फोटो जास्त उजळ येतात. एफ/१६ ला सलग पाच फोटो घेऊन उजळपणा कमी-जास्त होतो का ते बघायचं. आणि ‘एफईई’ अशी अक्षरं लुकलुकली तर तो बिघाडच नाही. जुन्या लेन्सची ॲपर्चर रिंग सर्वांत मोठ्या आकड्यावर लॉक करायची राहिली आहे, एवढंच.

आता शटर काउंट. निकॉन डी९० चं शटर १ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, असं कंपनी सांगते. याचा अर्थ १ लाख १ व्या क्लिकला ते मरतं असा नाही, आणि २० हजारांवर ते सुरक्षित आहे असाही नाही. शिवाय निकॉन हा आकडा फोटोच्या फाइलमध्ये लिहितो, कॅनन बहुतेक मॉडेलांत लिहीत नाही. त्यामुळे ‘फक्त ५ हजार क्लिक’ या जाहिरातीपेक्षा पडद्यांची चाल तपासणं बरं.

३५०डीचा सेन्सर १४.८ मिमी उंच. असे पडदे तेवढं अंतर साधारण ३ ते ४ मिलिसेकंदांत कापतात, म्हणजे वेग सेकंदाला ४ मीटरच्या आसपास. पडद्यांचा वेग ठरलेला असतो, बदलतं ते दोघांमधलं अंतर. १/४००० सेकंदाला, म्हणजे ०.२५ मिलिसेकंदाला, दुसरा पडदा पहिल्याच्या फक्त १ मिमी मागे असतो आणि या १ मिमीच्या फटीतून सेन्सर पट्ट्यापट्ट्यानं उजळत जातो. दुसरा पडदा ०.१ मिलिसेकंद रेंगाळला तर प्रकाश ४० टक्के जास्त. तेवढाच उशीर १/२०० ला झाला तर जेमतेम २ टक्के, डोळ्याला दिसणारही नाही. म्हणून शटर थकायला लागलं की आधी सर्वांत वेगवान फोटोंत कळतं : उभ्या दिशेनं एक कड काळपट किंवा उजळ.

चाचणीला सावलीतली पांढरी भिंत किंवा ढगाळ आकाश घ्या. लेन्स मॅन्युअल फोकसवर ठेवून फोकस मुद्दाम बिघडवा. ॲपर्चर पूर्ण उघडं, म्हणजे त्याचा दोष मध्ये लुडबुडणार नाही. मग १/१२५ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, १/५०० ला ४००, १/२००० ला १६००. तिन्ही फोटो सारखेच उजळ यायला हवेत, आणि प्रत्येक फोटो वरपासून खालपर्यंत सारखा. ही चाचणी ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली करू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर चालणारे असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. पळत्या फटीला ते पट्टे दिसतात आणि चांगलं शटर फुकट बदनाम होतं.

काळे ठिपके ही तक्रारही चुकीच्या जागी जाते. लोक लेन्स पुसत बसतात. ठिपका सेन्सरवरच्या काचेला चिकटलेल्या धुळीची सावली असतो. कण सेन्सरपासून १ मिमीवर आहे असं धरा. एफ/२.८ ला तिथला प्रकाशाचा शंकू सुमारे ०.३६ मिमी रुंद असतो, कण त्यात हरवून जातो. एफ/२२ ला तो ०.०४५ मिमी उरतो आणि कणाची ठसठशीत सावली पडते. निळ्या आकाशाचा एफ/२२ ला फोटो घ्या. फोटोत वर डावीकडे ठिपका असेल तर माउंटमधून समोरून बघताना कण खाली डावीकडे सापडेल. मेनूतला सेन्सर क्लीनिंगचा पर्याय निवडा, बॅटरी पूर्ण भरलेली हवी (मध्येच संपली तर पडदा मिटतो), रबरी फुग्याच्या ब्लोअरनं हवा मारा. तोंडानं फुंकर मारली तर थुंकी उडते. निकॉन डी६०० (२०१२) मध्ये मात्र ठिपके पुन्हा पुन्हा यायचे, तेव्हा कंपनीनं २०१४ मध्ये शटर मोफत बदलून द्यायला सुरुवात केली.

याच ओघात : खंडेनवमीला कॅमेऱ्याची पूजा जरूर करा, पण बॉडी कॅप लावून. हळदी-कुंकवाची भुकटी माउंटमध्ये गेली तर तिचा प्रसाद वर्षभर आकाशात दिसतो. भिजलेला कॅमेरा तांदळाच्या डब्यात खुपसणंही त्याच जातीचं. तांदूळ ओल फारशी खेचत नाही, पिठी मात्र देतो. बॅटरी काढा, झाकणं उघडी ठेवा, पंख्यासमोर किंवा सिलिका जेलसोबत दोन-तीन दिवस राहू द्या.

‘कार्ड घेत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा कार्डाच्या आकाराची असते. निकॉन डी५० (२००५) सारख्या कॅमेऱ्यांना एसडीएचसी (२ जीबीच्या वरची एसडी कार्डं) माहीतच नाही, तिथे २ जीबीचं साधं एसडी लागतं. डी९० च्या पिढीला ३२ जीबीपर्यंत चालतं. ३५०डीसारख्या कॉम्पॅक्टफ्लॅशवाल्या कॅमेऱ्यात ५० नाजूक पिना असतात. कार्ड जोर लावून ढकललं की एखादी वाकते. टॉर्च मारून बघा.

इतकं करूनही, लेन्स काढून, नव्या बॅटरीवर एरर येतच राहिला, तर दोष आरशाच्या यंत्रणेत किंवा शटरमध्ये आहे, आणि तिथे स्वतः हात घालू नये. फ्लॅशचा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या घरात भरलेला असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो भार बराच वेळ टिकतो. दुरुस्तीला देताना ‘एरर ९९ येतो’ एवढंच सांगू नका. कागदावर लिहून द्या : कुठल्या झूमला, कुठल्या ॲपर्चरला, कुठल्या शटर स्पीडला, दहांतून किती वेळा, आणि लेन्सशिवाय येतो की नाही.