शहाणपण आणि शहाणपणा

'शहाणपण देगा देवा' म्हणून आपण हात जोडतो आणि पोरानं उलट उत्तर दिलं की 'शहाणपणा करू नकोस' म्हणून दटावतो. फरक एका कान्याचा.

'शहाणा' हा 'सज्ञान'चाच घरगुती अवतार. कायद्याच्या मराठीत 18 पूर्ण झालेला माणूस आजही सज्ञान, आणि त्यात टोमणा नसतो. जुन्या म्हणींतही शब्द स्वच्छ आहे: शहाण्याला शब्दाचा मार, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. पेशवाईत तर ती जवळजवळ पदवीच होती. साडेतीन शहाण्यांपैकी सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हे पुरे. नाना फडणवीस अर्धे, कारण लेखणी होती पण तलवार नव्हती, असं सांगतात. विठ्ठल सुंदर शत्रूच्या बाजूचा, 1763 साली राक्षसभुवनच्या लढाईत पडलेला, तरी मोजताना त्याला कुणी गाळलं नाही. गंमत अशी, की नानांचा अर्धा कमी पडला म्हणून खटकला, आणि दीडशहाण्याचा अर्धा जास्त झाला म्हणून.

अर्थात अकलेबद्दलचा संशय त्याहून जुना. रामदासांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं सांगितलीच, वर पढतमूर्खांसाठी वेगळा समास खर्च केला. पण घरातल्या 'अतिशहाण्या'चं कारण मला साधं वाटतं. 'शहाणं बाळ' म्हणजे सांगितलेलं ऐकणारं बाळ. ते प्रश्न विचारू लागलं की शब्द तोच, सूर बदलतो. शब्द वापरणारा वरच्या पायरीवर उभा असतो.

शब्दाची अशी घसरण नवी नाही. अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' म्हणजे कोणताही धर्मपंथ; बाराव्या लेखात तो सगळ्याच पासंडांचा मान राखायला सांगतो. पुढं प्रत्येकानं तो शब्द दुसऱ्याच्या पंथाला लावला आणि उरला तो पाखंडी. 'साहस' मात्र उलट्या दिशेनं गेलं. मनुस्मृतीत वादाचे जे 18 विषय आहेत, त्यांत साहस म्हणजे बळजबरीचा गुन्हा. दंडाच्या पायऱ्यांनाही तेच नाव: प्रथम साहस 250 पण (तेव्हाचं नाणं), मध्यम 500, उत्तम 1000. आज आपण मुलांना पैसे भरून साहस शिबिराला धाडतो.

'गावठी'ची बढती तर आपल्या डोळ्यांदेखत झाली. शहरात कुणाला गावठी म्हणणं म्हणजे त्याचे कपडे, बोलणं, सगळंच निकालात काढणं. मग पोल्ट्रीची अंडी घरोघर पोचली आणि गावठी अंडं महाग झालं. कोंबडी तीच, उकिरडाही तोच, गिऱ्हाईक बदललं. माणसाला मात्र या भाववाढीचा लाभ मिळालेला नाही, आणि पोलिसांच्या बातमीत कट्टा अजून गावठीच सापडतो.