अंडाशयाला रजा

गणेश चवथीच्या तोंडावर पाळी पुढे ढकलायची गोळी मागणारी एखादी तरी म्हापशाच्या फार्मसीत दिसतेच. तिलाच गर्भनिरोधक गोळीबद्दल विचारा, "नको गं, त्यानं कॅन्सर होतो!" पहिल्या गोळीतलं नोरएथिस्टेरॉनही हॉर्मोनच. पण विटाळाच्या धाकानं घेतलेल्या हॉर्मोनची भीती कुणाला वाटत नाही.

कॅन्सरची भीती निव्वळ अफवा नव्हे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन या दोन हॉर्मोनांच्या मिश्र गर्भनिरोधक गोळ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं पहिल्या गटातल्या, म्हणजे सिद्ध झालेल्या, कर्ककारकांत टाकल्या आहेत. डेन्मार्कमधल्या 18 लाख स्त्रियांच्या 2017 सालच्या अभ्यासात हॉर्मोनची गर्भनिरोधकं वापरणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका 20 टक्क्यांनी जास्त दिसला. आकडा दचकवणारा आहे, पण हिशेब मांडला तर वर्षाला सुमारे 7690 स्त्रियांमागे एक जास्तीची रुग्ण. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोकाही पाच वर्षांच्या वापरापुढे वाढतो, गोळ्या थांबवल्या की उतरतो.

अंडाशयाची गोष्ट मात्र उलटी, आणि मला तीच जास्त आवडते. बीज सुटतं तेव्हा अंडाशयाचा पृष्ठभाग अक्षरशः फाटतो. जखम भरून काढायला पेशी विभागतात, दर विभाजनाला डीएनएची नवी प्रत निघते आणि एखादी चूक तशीच राहून जाते. शिवाय फुटलेल्या पुटकातला, म्हणजे बीज वाढतं त्या पिशवीतला, दाहकारक द्रव बीजवाहिनीच्या झालरीवर सांडतो. अंडाशयाचे म्हणून ओळखले जाणारे बरेच कर्करोग मुळात याच झालरीत सुरू होतात. न थांबणारं बीजोत्सर्जन हेच मूळ असावं, असं इजिप्तचे महमूद फथल्ला यांनी 1971 मध्ये मांडलं. सतत अंडी घालणाऱ्या कोंबड्यांनाही हा कर्करोग आपसूक होतो. बाळंतपणं आणि अंगावर पाजणं यांमुळे बीजोत्सर्जन थांबतं. मूल न झालेल्या स्त्रियांना, उदाहरणार्थ मठातल्या नन्सना, ही सुट्टी मिळत नाही.

मिश्र गोळी मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीची एलएचची (बीज सोडायला लावणाऱ्या हॉर्मोनची) उसळी दाबते, मग बीज सुटतच नाही. चवथीची गोळी सुरू होईतो बीज सहसा सुटून गेलेलं असतं. ती फक्त गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवते. 2008 साली 45 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दर पाच वर्षांच्या वापरामागे अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 20 टक्क्यांनी घटलेला दिसला, पंधरा वर्षांच्या वापरानं जवळपास निम्मा. गोळ्या सोडल्यावर तीस वर्षांनंतरही थोडं संरक्षण उरतं. टळलेल्या बीजोत्सर्जनांच्या हिशेबापेक्षा हा फायदा मोठा आहे, म्हणजे प्रोजेस्टोजेनचाही त्यात हात असावा.

पण म्हणून मिश्र गोळीला 'कॅन्सरची लस' म्हणणं निव्वळ जाहिरातबाजी. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांनी, रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांनी आणि पस्तिशीपुढे सिगारेट ओढणाऱ्यांनी ही गोळी घ्यायचीच नाही.