सायलेंसर मोकळा करणं वेगळं, चेंबर लावणं वेगळं

इंजिन बसवलेली सायकल केळीच्या मळ्यांआडून येत असली की दिसायच्या आधी ऐकू येते. यावलकडच्या माझ्या मावसभावाची तर गावाबाहेरूनच ऐकू यायची. त्याने सायलेंसरच्या मागच्या झाकणाला ड्रिलने पाच-सहा भोकं पाडली होती आणि भेटेल त्याला सांगायचा, "चेंबर केलाय भो!" चेंबर वगैरे काही नव्हता. सायलेंसर फोडला होता, एवढंच.

घोळ शब्दाचाच आहे. इंजिनपासून मागे जाणाऱ्या अख्ख्या नळाला आपण सायलेंसर म्हणतो. त्यामुळे आतली जाळी काढली तरी "सायलेंसरचं काम केलं" आणि नळ बदलून एक्सपान्शन चेंबर लावला तरी "सायलेंसरचं काम केलं". दोन्हींचा आवाज वाढतो, म्हणून दोन्हींनी ताकदही वाढते असा समज. प्रत्यक्षात पहिल्या कामात वाट मोकळी होते, तर दुसऱ्यात वाटेत मुद्दाम, मोजूनमापून अडथळा उभा करायचा असतो.

हे कळायला अशा सायकलींवर बहुतेकदा असणारं टू-स्ट्रोक इंजिन आतून कसं चालतं ते बघावं लागतं. त्यात झडपा नसतात. पिस्टन खाली सरकतो आणि सिलिंडरच्या भिंतीतली दारं उघडतो: आधी धूर बाहेर जायचं, मग लगेच ताजं मिश्रण आत यायचं. काही क्षण दोन्ही उघडीच असतात. बाजारच्या दिवशी एसटीत कसाबसा चढलेला माणूस उतरणाऱ्यांच्या लोंढ्यात पुन्हा खाली यावा, तसं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण धुराबरोबर नळात निघून जातं. न जळताच.

नळ नुसता मोकळा केला तर धूर पटकन जातो, पण हे मिश्रणही तितक्याच मोकळेपणाने जातं. कंपनीची जाळी फार आवळलेली असेल तर वरच्या वेगात थोडा फरक जाणवतो, नाही असं नाही. पण खालच्या वेगात गाडी आधीपेक्षा मरगळते. कानाला मात्र विमान उडाल्यासारखं वाटतं.

चेंबर हेच निसटलेलं मिश्रण परत आणतो. त्याची पुढची नळी हळूहळू पसरत शंकू होते, मग मधलं पोट, मग आवळत जाणारा उलटा शंकू आणि शेवटी बारीक शेपटी. धुराचं दार उघडताच दाबाची लाट नळात धावते. पसरत्या शंकूवरून तिचा एक भाग ओढ बनून परततो आणि सिलिंडर रिकामा करायला मदत करतो. उरलेली लाट आवळत्या शंकूवर आपटते, दाब बनून परत येते आणि निसटू पाहणाऱ्या मिश्रणाला दार बंद व्हायच्या आत मागे ढकलते. 1950 च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वाल्टर काडेन यांनी हे तंत्र शर्यतीच्या गाड्यांवर पक्कं केलं. 1961 मध्ये त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला, सुझुकीला जाऊन मिळाला आणि ते ज्ञानही तिकडे गेलं. बऱ्याच जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींच्या साध्या गोल दिसणाऱ्या सायलेंसरच्या पोटात हेच शंकू दडलेले असतात. ते कापून टाकणाऱ्याने ताकद आपल्या हाताने भंगारात दिलेली असते.

लाट वेळेवर परतली तरच उपयोग, म्हणून सगळी मदार लांबीवर. तापलेल्या धुरात लाट सेकंदाला साधारण 500 मीटर जाते. समजा इंजिनच्या 360 अंशांच्या एका फेरीत दार 160 अंश उघडं राहतं. 6,000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 6,000 फेऱ्यांना, तो वेळ साडेचार मिलिसेकंदांच्या आसपास. तेवढ्यात जाऊन परत यायचं, म्हणजे दारापासून उलट्या शंकूपर्यंत सुमारे 1.1 मीटर. 8,000 ला ती लांबी 83 सेंटिमीटरवर येते. म्हणजे चेंबर ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच जोर देतो. त्या पट्ट्याखाली गाडी मठ्ठच.

सायकलीच्या किटला गिअर नसतात आणि आपली मंडळी नेमकी तिथेच फसतात. 80 सीसी म्हणून विकलं जाणारं हे इंजिन बहुतेक वेळा 66 सीसीचं असतं. मागे 44 दातांचं चक्र आणि 26 इंची चाक असेल, तर 6,000 आरपीएम म्हणजे ताशी 41 किलोमीटर. 8,000 चा चेंबर लावलात तर जोर येणार 55 ला. सायकलीच्या रबरी ब्रेकवर, आपल्या रस्त्यांवर! लावायचाच असेल तर लांब नळीचा, खालच्या आरपीएमचा घ्या.

फोर-स्ट्रोकला यातलं फारसं काही लागू नाही. तिथे झडपा दार बंद करतात. पुढच्या नळीची लांबी थोडी ओढ देते, पण परत ढकलणारा शंकू कामाचा नाही. गवत कापायच्या फोर-स्ट्रोक मशीनचं इंजिन बसवलं असेल तर चेंबरवर पैसे घालू नका.

दोन्ही कामांनंतर कार्बोरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल किती जायचं ते ठरवणारं बारीक भोक, तपासणं आलंच. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिश्रण फिकं होतं, पिस्टन तापून चिकटतो. प्लग चॉकलेटी हवा. पांढरा दिसला तर गाडी पळवू नका. आणि हे मे महिन्यात बसवू नका. जळगावच्या 44 अंशांत हवा विरळ असते, म्हणून जेट ठीकच वाटतो. तोच जेट डिसेंबरात धुळ्याच्या पहाटेला, दाट थंड हवेत, फिका पडतो.

मावसभावाच्या गाडीचं खरं दुखणं मात्र तिसरंच निघालं. तो पेट्रोलमध्ये ऑइल अंदाजाने ओतायचा, त्यामुळे झाकणामागची भोकांची नळी काजळीने बुजली होती. धूर अडला म्हणून गाडी बसली आणि गाडी बसली म्हणून त्याने ड्रिल काढलं. जुने मिस्त्री लुनाचा सायलेंसर विस्तवावर जाळून साफ करायचे, तेच आम्ही अंगणात केलं.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून चारपेक्षा कमी चाकांची आणि 25 सीसीपर्यंतचीच गाडी सुटते. 66 सीसीची सायकल म्हणजे कायद्याच्या लेखी मोटार वाहन, आणि केंद्रीय नियम 120 प्रमाणे तिला सायलेंसर हवाच.

नवं झाकण, साफ नळी आणि मापाने ऑइल, एवढ्यावर त्याची गाडी आता मळ्यातला चढ पायडल न मारता चढते. आवाज कमी झाल्यामुळे बैलगाडीवाले बाजूला होत नाहीत, अशी त्याची नवी तक्रार आहे. मी त्याला घंटी आणून दिली.